चहा सांगितलाय

बंगळुरात कुणी कुणाला मनापासून बसवून घेतलं की कॉफी येते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली असती, तर वासुदेव रेडिओजमधली गोम कुठल्याही गिऱ्हाइकाला पहिल्याच फेरीत कळली असती. पण गिऱ्हाईक बिचारं टीव्ही बघायला आलेलं असायचं. गोमा कोण बघतं?

यशवंतपूरच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दुकान होतं. नावात रेडिओ, पण आत रेडिओ औषधालाही नव्हता. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, गीझर असा सगळा माल. मालक वासुदेवअण्णा घरी मराठी बोलत, गिऱ्हाइकांशी कानडी, घाऊक व्यापाऱ्यांशी हिंदी आणि कंपनीच्या माणसांशी इंग्रजी. त्यातली मराठी दुकानात येई ती फक्त सुलभासाठी. सुलभाचे वडील तिथल्याच एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, त्यामुळे तिचा जन्म, शाळा, लग्न, सगळं याच गावात झालेलं. पंचविशीत ती या दुकानात लागली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथून हलली नाही. विकायला उभी राहिली की समोरच्याला वाटायचं, ही आपल्याला काही विकत नाहीये, आपल्या घरातली अडचण सोडवतेय. हे शिकवून येत नाही.

तर ती गोम. एखादं गिऱ्हाईक नुसत्याच चौकशा करणारं, उन्हाचं एसीत बसायला आलेलं किंवा दहा दुकानं हिंडून अकराव्यात टेकलेलं असलं, की अण्णांना ते बरोबर कळे. मग ते तोंडभर हसून, मराठीत म्हणत, "सुलभा, साहेबांना चहा सांग." बाकीचं वाक्य कळो न कळो, चहा हा शब्द सगळ्यांना कळायचा. साहेब खूश. सुलभा "सांगते" म्हणून मागच्या दारापर्यंत जाई आणि परत येऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाला लागे. चहा कधीच येत नसे. साहेब स्टुलावर बसून राहत, घड्याळ बघत, पाय हलवत, आणि शेवटी आपणहून उठून "आमेले बरतीनि," म्हणजे नंतर येतो, म्हणून चालू लागत. वर बाहेर जाऊन सांगत, मालक काय अगत्याचा आहे हो. खरं गिऱ्हाईक असलं की कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून, म्हणजे उभ्या-उभ्या खायच्या हॉटेलातून, स्टीलच्या पेल्यातली कॉफी येई आणि ती अण्णा स्वतः हातात देत.

"आपण कुणाला जा म्हणत नाही," अण्णा सुलभाला सांगत. "माणसाने आपल्या पायांनी गेलं पाहिजे." याचा त्यांना फार अभिमान होता.

आणि सुलभाला अभिमान होता तो या गोष्टीचा, की ही गंमत जगात दोघांनाच ठाऊक आहे. दुकानात दुसरीही पोरं होती, कानडी, तमिळ, एक बिहारी. ती यायची, वर्ष-दोन वर्षांनी जायची. मराठीत जे काही चाले ते अण्णा आणि ती, दोघांमध्ये. ओणमला, युगादीला, गौरीला दुकान गिऱ्हाइकांनी फुलून गेलेलं असावं आणि त्या गोंधळात अण्णांनी लांबूनच भुवई उडवून "चहा सांग गं" म्हणावं, की तिला हसू आवरत नसे. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही आमचं घरचं माणूस." घरचं माणूस म्हटलं की सुलभा दुप्पट काम करायची. काही माणसांना पगारवाढ लागते, काहींना एवढं पुरतं. अण्णांना कुणाला काय पुरतं ते चांगलं कळत होतं.

पुढे मोबाइल आले आणि गिऱ्हाइकाची जातच पालटली. माणसं येत, टीव्हीसमोर उभी राहत, सुलभाकडून सगळं समजून घेत, भिंतीपासून किती लांब लावायचा, खिडकीचा उजेड पडला तर काय होतं, आणि तिच्यासमोरच खिशातून फोन काढून तोच टीव्ही घरपोच मागवत. एकाने तर तिलाच विचारलं, "मॅडम, यातलं कुठलं मॉडेल दाबू?" त्या दिवशी ती घरी जाऊन जेवली नाही. दुकान म्हणजे फुकटचं संग्रहालय झालं होतं. 'चहा सांग' दिवसातून एकदा यायचं, ते आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत येऊ लागलं. पोरं एकेक करून गेली, वरचा मजला बंद झाला, एसी दुपारपुरता लावायचा असं ठरलं. सुलभा उरली.

त्याच सुमारास सिद्धी दुकानात आली. पुण्याची पोरगी, बेळ्ळंदूरला कुठल्याशा कंपनीत कामाला, मायक्रोवेव्ह बघायला एवढ्या लांब का आली होती कोण जाणे. इंग्रजी-हिंदीत बोलत होती. अण्णांनी तिचा फोन हातात बघितला, ती दर पडताळून पाहतेय हे ओळखलं, आणि नेहमीसारखे म्हणाले, "सुलभा, बाईंना चहा सांग."

"अय्या, तुम्ही मराठी?" ती पोरगी उडालीच. "थँक यू काका, मी खरंच चहासाठी मरतेय. इकडे धड चहाच मिळत नाही कुठे."

आणि ती स्टुलावर ऐसपैस बसली. उठायचं नाव घेईना. दहा मिनिटांनी म्हणाली, "काकू, चहा सांगितला होता ना?" अण्णा सुलभाकडे बघू लागले, सुलभा अण्णांकडे. इतक्या वर्षांत चहा मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. शेवटी अण्णांचा मुलगा निहार, जो महिन्यातून चार वेळा दुकानात डोकावायचा आणि आठ वेळा घड्याळ बघायचा, तो धावत जाऊन कुठूनसा आलं घातलेला चहा घेऊन आला. पुढे तो तिच्यासाठी चहाच आणत राहिला, आणि वर्षाच्या आत लग्न झालं. सुलभाने आहेर म्हणून मिक्सर दिला होता. चहाचा खरा अर्थ मात्र सिद्धीला कुणी सांगितला नाही. नव्या सुनेला सासऱ्याची ही हुशारी कोण कशाला सांगेल?

मॉलमधल्या एका मोठ्या दुकानाने सुलभाला बोलावलं, ते लग्नानंतरच्या उन्हाळ्यात. गिऱ्हाइकांना ही बाई हवी असते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. उमाकांत, तिचा नवरा, कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसलेला शांत माणूस. तो म्हणाला, "जा. बुडत्या नावेत कुणी बसून राहतं का?"

तिने अण्णांना विचारलं. खरं म्हणजे विचारायचं काही नव्हतं, सांगायचं होतं. पण अण्णांनी ऐकलं आणि गल्ल्यावरचा हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. "तू गेलीस तर दुकान बंदच करतो. तू आहेस तोवर दुकान आहे. यशवंतपूर सोडून मी कुठे जाणार गं?" त्यांचे डोळे भरले होते. तिचेही भरले. तिने मॉलवाल्यांना नाही म्हणून कळवलं. उमाकांतने त्यावर एकच वाक्य टाकलं, "दुकान तुझं नाही, सुलभा," आणि वर्तमानपत्र उघडलं. तिला त्याचा राग आला. असल्या खऱ्या बोलण्याचा राग लवकर येतो.

मग आला शेवटचा दसरा. तो शेवटचा आहे हे दुकानात दोघांनाच माहीत होतं.

दुकानात बरीच वर्षं पडून राहिलेला माल होता. मांडून ठेवलेले फ्रिज, मशीन, टीव्ही. कंपन्यांनी ती मॉडेलं केव्हाच बंद केली होती आणि त्यांची जबाबदारीही झटकली होती. निहारने डोकं लढवलं. "अक्का, आपण यावर दुकानाची गॅरंटी देऊ. तीन वर्षं. काही झालं तर आपण बघून देणार. लोक कंपनीवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवतात. कार्डावर तुमचाच नंबर घालू या?"

सुलभाने अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "तिला काय विचारतोस? घाल. ती म्हणजेच दुकान."

तेव्हा हा मान वाटला. कार्ड छापून आलं. वर दुकानाचं नाव, खाली सुलभाचं नाव आणि मोबाइल नंबर. तिने एक घरी नेऊन देव्हाऱ्यासमोर ठेवलं, आता याला काय म्हणायचं! मग नवरात्रभर ती जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करत राहिली. कारखान्याच्या वसाहतीतले लोक, देवळातल्या बायका, मार्केट यार्डातले दुकानदार. "मी आहे ना," एवढंच म्हणायची, आणि लोक घेत. गंगव्वानेही एक फ्रिज घेतला. गंगव्वा म्हणजे धारवाडकडची, यार्डाजवळ ज्वारीच्या भाकरीची खानावळ चालवणारी विधवा. हमाल, लॉरीवाले, स्टेशनावरचे लोक तिच्याकडे जेवत. तिला दह्या-ताकाला, भाजीला मोठा फ्रिज हवा होता आणि नवा झेपत नव्हता. तिने कार्ड वाचलं नाही, वाचता येतच नव्हतं. सुलभाच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "निन्न मुख नोडि तगोंडे." तुझं तोंड बघून घेतला.

आयुधपूजेला दुकान धुऊन पुसून काढलं. प्रत्येक टीव्हीला हळद-कुंकू, फ्रिजच्या दाराला झेंडूची माळ, गल्ल्यालाही फूल. दरवर्षी आरती अण्णा करत आणि कोहळा निहार फोडी. त्या वर्षी अण्णांनी आरतीचं ताट सुलभाच्या हातात दिलं. "यंदा तू कर." तिने घंटा वाजवत सगळ्या दुकानाला ओवाळलं, बंद असलेल्या वरच्या मजल्यालासुद्धा जिन्यात उभं राहून ओवाळलं. अण्णा खांबाला टेकून बघत होते आणि नाक पुसत होते. तिला वाटलं, वय झालं, भरून येतंय.

त्याच दिवसांत एक माणूस टेप घेऊन आला होता. भिंती मोजल्या, दाराची उंची मोजली, आणि काही न घेता निघाला. अण्णा म्हणाले, "रंगवाला आहे गं." आणि मोठ्याने म्हणाले, "कॉफी सांग." सुलभा एक क्षण थबकली. काही न घेणाऱ्या माणसाला कॉफी? पण अण्णांनी सांगितलं म्हणून तिने कॉफी आणली, आणि त्या माणसाने ती प्यायली. डोळ्यांदेखत झालं हे. पण ज्याच्यावर जीव टाकला, त्याच्याकडे माणूस डोळे उघडे ठेवून बघत नाही.

दिवाळी झाली, पडून असलेला माल जवळपास संपला. अण्णा म्हणाले, "फार राबलीस. आता चार दिवस बहिणीकडे जाऊन ये. तेवढ्यात दुकान रंगवून घेतो."

ती धारवाडला गेली. परत येताना दुकानासाठी पेढ्यांचा मोठा पुडा घेतला आणि स्टेशनावरून घरी न जाता थेट दुकानात आली. शटर वर होतं. आत फरशी उखडलेली. वासुदेव रेडिओजची पाटी खाली, भिंतीला टेकवून, उलटी ठेवलेली. कामगार कुठल्याशा औषधांच्या दुकानाचे कप्पे ठोकत होते. टेपवाला माणूस मधोमध उभा होता. त्याने तिला ओळखलं आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, आप? सामान कुछ रह गया क्या?"

तिने विचारलं, हे कधी ठरलं. तो म्हणाला, दसऱ्याच्या आधीच. करार झाल्यावरच तर तो मापं घ्यायला आला होता.

पेढ्यांचा पुडा तिने कामगारांना दिला. त्यांना वाटलं, नव्या दुकानाचे पेढे.

अण्णांनी फोन उचलला तो चौथ्या दिवशी. "अगं सांगणारच होतो. निहारचं बेळ्ळंदूरला नवीन काहीतरी चाललंय. माझं तरी कोण ऐकतं आता? स्वल्प थांब. सगळं मार्गी लागलं की तुला बोलावतो. तू घरचं माणूस." तिने "बरं अण्णा" म्हटलं. इतकं झाल्यावर बरं कसलं? पण सवय, दुसरं काय. ती थांबली.

थांबली नाहीत ती गिऱ्हाइकं. कार्डावर नंबर तिचा होता. कुणाच्या मशीनचं पाणी तुंबलं, कुणाच्या टीव्हीवर काळी रेघ आली. सकाळी कुकरची शिट्टी आणि फोन बरोबरच सुरू होत. सुरुवातीला तिने ओळखीचे मेकॅनिक पाठवले, आर्जवं करून. मग तेही येईनासे झाले, कारण त्यांचेही पैसे दुकानाने अडकवून ठेवले होते. देवळात एका बाईने तिच्या हातचा प्रसाद घेतला नाही. ओठ मुडपून पुढे गेली. सुलभा त्या रात्री उमाकांतला म्हणाली, "नोकरी गेली त्याचं एवढं नाही हो. माझं तोंड विकलं त्यांनी." उमाकांतने या खेपेला वर्तमानपत्र उघडलं नाही.

आणि गंगव्वाचा फ्रिज बंद पडला. उन्हाळा तोंडावर, दही आंबून गेलं, ताक नासलं, जेवायला येणारी माणसं कुरकुरू लागली. गंगव्वा भांडली नाही. रोज एकदा फोन करायची आणि विचारायची, "सुलभक्का, आज येतोय का माणूस?" भांडली असती तर बरं झालं असतं. सुलभाने निहारला फोन केला. तो म्हणाला, "अक्का, ती जुन्या दुकानाची लायबिलिटी झाली. नवीन कंपनी वेगळी आहे. टेक्निकली आमचा संबंध नाही. अण्णांशी बोला ना." अण्णा फोन उचलत नव्हते.

म्हणून एका सकाळी ती बेळ्ळंदूरला निघाली. मेट्रोने मॅजेस्टिक, तिथून बस, आणि मग रिंग रोडवर जिथे सगळ्या जगाच्या गाड्या येऊन अडकतात तिथे अडकून. बसमध्ये तिने मनाशी पक्कं केलं. नोकरीचा शब्द काढायचा नाही. धारवाडचा, पाटीचा, मॉलचा, कशाचाच नाही. एकच विचारायचं, लोकांना दिलेला शब्द पाळणार की नाही. गंगव्वाचा फ्रिज दुरुस्त झाला तरी ती बाकीचं सगळं गिळायला तयार होती. एवढ्या स्वस्तात ती तेव्हा मिटवायला निघाली होती.

नवीन जागेला दुकान म्हणायचं नव्हतं, स्टुडिओ म्हणायचं होतं. उंच इमारतीच्या तळाशी, काचेचं, आत सोफे. दिवे बोलून लागायचे, पडदे बोलून सरकायचे. विकायला काही मांडलेलंच दिसत नव्हतं. एका सोफ्याच्या कडेला वासुदेवअण्णा बसले होते, तोच अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालून, पडून राहिलेल्या मालासारखे. तिला बघून गडबडले, मग हसले. निहार कुठेतरी बाहेर गेला होता. सिद्धी लॅपटॉप बाजूला ठेवून उठली आणि "काकू!" म्हणून येऊन बिलगली. पोरगी मनाने चांगलीच होती.

सुलभा बसली. पाणी प्यायली. मग सरळ म्हणाली, "अण्णा, गंगव्वाचा फ्रिज बंद आहे. तिची खानावळ बसायची वेळ आली. बाकीचेही आहेत. कार्डावर माझं नाव आहे, पण शब्द तुमचा होता. तो पाळायचा की नाही, तेवढं मला आज सांगा. मी लोकांना तेच सांगेन."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते तोंडभर हसू आलं, जे तिने काउंटरमागून हजारदा पाहिलं होतं. फक्त समोरून कधी पाहिलं नव्हतं.

"किती लांबून आलीस गं, उन्हाची," ते म्हणाले. "स्वल्प टेक जरा. सिद्धी, सुलभाला चहा सांग."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण अण्णांची नजर तिच्यावरून सुटून काचेबाहेर गेली होती, गिऱ्हाईक संपलं की जायची तशी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. चिडले असते, खोटं बोलले असते, हात जोडले असते तरी चाललं असतं. तिची-त्यांची अशी एकच भाषा होती जगात, आणि तीच त्यांनी तिच्यावर चालवली. आता ती काय करणार, हे त्यांना ठाऊक होतं. घड्याळ बघेल, पदर सारखा करेल, आणि आपल्या पायांनी जाईल.

तिला जावंसंही वाटलं. उठायला ती पुढे सरकलीही. पण तेवढ्यात सिद्धी म्हणाली, "सांगायचं काय बाबा, मीच करते ना," आणि आत गेली.

अण्णा दचकले. "नको नको, तिला घाई असेल," म्हणाले.

"मला घाई नाही," सुलभा म्हणाली, आणि मागे टेकून बसली.

आतून आलं ठेचल्याचा आवाज आला. अण्णांनी हवेबद्दल काहीतरी काढलं, ते तिने धरलं नाही. सिद्धी ट्रे घेऊन आली. मोठा मग, वाफा येत होत्या. "काकू, आठवतं? तुमच्या दुकानात मला पहिल्यांदा नीट चहा मिळाला होता. मी ऑफिसात सगळ्यांना सांगते, आमच्या बाबांच्या दुकानात चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडत नसत."

अण्णांनी मान खाली घातली.

सुलभा चहा पीत नसे. आयुष्यभर कॉफीची. पण तो चहा तिने घोट घोट करत, तळाचा आल्याचा तुकडा दिसेपर्यंत प्यायला. अण्णांनी 'चहा सांग' म्हटल्यावर ज्याला खरंच चहा मिळाला असं सिद्धीनंतरचं हे दुसरं गिऱ्हाईक. मग तिने मग टेबलावर ठेवला.

"चहा झाला, अण्णा. आता बोला."

चहा झाल्यावर काय बोलायचं, याची अण्णांना सवयच नव्हती. ते म्हणाले, "बघतो. निहारशी बोलतो. आता माझ्या हातात काय आहे गं?" तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. गंगव्वाच होती, ही तिची वेळ. सुलभाने फोन काढला आणि तसाच वाजता, अण्णांच्या समोर टेबलावर ठेवला.

"घ्या. तुमचंच गिऱ्हाईक आहे. तुम्हीच सांगा तिला."

अण्णांनी हात मांडीवरून उचलला नाही. फोन वाजत राहिला. सिद्धी एकदा सासऱ्यांकडे, एकदा सुलभाकडे बघत होती. तिला काही कळत नव्हतं, पण काहीतरी फार वाईट चाललंय एवढं कळलं असावं. फोन थांबला. सुलभाने तो उचलून पिशवीत टाकला आणि उभी राहिली.

"येत जा गं अधूनमधून," अण्णा खाली बघतच म्हणाले. "तू घरचं माणूस."

"सरी, सर," सुलभा म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने त्यांना सर म्हटलं नव्हतं, आणि 'बरं'च्या जागी 'सरी' असा कानडी शब्द त्यांच्याशी बोलली नव्हती. हा तिचा काउंटरवरचा आवाज होता, परक्यासाठीचा. सिद्धीला ती थट्टा वाटली, ती कसंनुसं हसली. अण्णांना ती थट्टा वाटली नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं. बसथांब्यावर उभं राहून तिने गंगव्वाला फोन लावला. पलीकडे भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. सुलभाने एका दमात सांगून टाकलं. कुणी येणार नाही. दुकान संपलं. ते दसऱ्याआधीच विकलं होतं. मालक तुझं काही बघणार नाही, आणि मी काही करू शकत नाही.

भाकऱ्यांचा आवाज थांबला.

"निनगे गोत्तित्ता?" गंगव्वाने विचारलं. तुला माहीत होतं?

"इल्ला, गंगव्वा. देवाशपथ नाही."

पलीकडून लॉरीचा हॉर्न ऐकू आला, कुणीतरी ताक मागितलं, नाही म्हणून सांगितलं गेलं.

"सरी," गंगव्वा म्हणाली, आणि फोन ठेवला.

गंगव्वाचा विश्वास बसला की नाही, हे सुलभाला विचारावं लागलं नाही. तसली सरी कशी म्हणतात, ते तिला चांगलं ठाऊक होतं. आत्ताच ती तशीच म्हणून आली होती.